बाणेरला नवीन रामेनवालं उघडलंय: सूप झकास, नूडल्सचा गिचका

पोटोबा

बाणेरला आतल्या गल्लीत रामेनचं, म्हणजे जपानी सूपवाल्या नूडल्सचं, नवीन हॉटेल सुरू झालंय. नाव मुद्दाम लिहीत नाही, एकतर नवीन आहेत, अजून घडी बसायचीये, आणि दुसरं म्हणजे मी खाली खुसपटं काढणारे. त्या बाजूला राहणाऱ्यांना कळेलच, बाहेर लाल कंदील आणि शनिवारी संध्याकाळी फुटपाथवर ताटकळणारी पब्लिक.

आधी चांगलं सांगतो. सूप चांगलंय. मी चिकनचं पांढरं सूपवालं घेतलं आणि बायकोने व्हेज मिसो. चिकनवाल्यात हाडं तासन्तास रटरट उकळलीत हे पहिल्या चमच्याला कळतं, ओठ एकमेकांना चिकटतात आणि ते कॉर्नफ्लॉवर घालून होत नाही. वर अर्धं अंडं, बलक ओलसर, पांढऱ्या भागावर सोयाचा रंग चढलेला, कांद्याची पात, काळे कुरकुरीत मशरूम, नोरीचं (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं) एक पान, चिकनचे दोन काप. ६५० अधिक टॅक्स. व्हेज ५५०.

आता नूडल्स. बारीक, सरळ, हाकाता (जपानमधल्या फुकुओका शहराचा भाग) पद्धतीच्या. पहिले काही घास एक नंबर, दाताखाली टचकन तुटतात. पण ह्या जातीच्या नूडल्सचा जीव सात-आठ मिनिटांचा, नंतर सूप पीत बसतात आणि फुगतात. आमच्या शेजारच्या टेबलवर आजी-आजोबांसकट सहा जणांचं कुटुंब होतं, तीन बाऊल मागवले, सगळे वन बाय टू. आधी फोटो, मग रिकामे बाऊल मागवले, ते यायला वेळ, मग वाटावाटी, तेवढ्यात डंपलिंग आले म्हणून ते संपवले, आणि मग नूडल्सकडे वळले तर सूप जवळजवळ गायब आणि खाली नुसता लगदा. काकांनी वेटरला बोलावून चांगलं सुनावलं की नूडल्स ओव्हरकुक आहेत. पोरगं बिचारं सॉरी सॉरी करत उभं.

माझं म्हणणं असंय की ह्यात काकांची काही चूक नाही, हॉटेलची आहे. जो पदार्थ काउंटरवर बसून भराभर खाऊन उठायचा, तो तुम्ही सहा-आठ जणांच्या टेबलवर, स्टार्टर-मेन कोर्स असल्या मेन्यू कार्डात घालून, फॅमिली डिनर म्हणून विकताय, वर अॅपवरून घरपोच पण देताय, तर मग एकतर लोकांना सांगा की लगेच खा, नाहीतर नूडल्स बदला. रेसिपी तेवढी आणली आणि खायची पद्धत तिकडेच ठेवून आले.

कोणी गेलं असेल तर लिहा. फोटो नाहीत, खात होतो.

कढीपत्ता

५५० रुपयांची व्हेज मॅगी. चालू द्या.

पोटोबा

@कढीपत्ता आलात का, वाटच बघत होतो. तुमच्या पहिल्या प्रतिसादाशिवाय धाग्याला धागा म्हणवत नाही.

अर्धा_कप

वा, वाचतेय! मी गेले नाहीये अजून पण रामेनचं वेड जुनं आहे म्हणून थोडं लिहिते.

@कढीपत्ता, मॅगीचं नातं आहेच की, नाकारत नाही. मोमोफुकू आंदोंनी १९५८ साली ओसाकाजवळ पहिल्या इन्स्टंट नूडल्स काढल्या त्यांचं नावच चिकन रामेन होतं. म्हणजे रामेन ही मॅगीची नक्कल नाही, उलटं आहे. मॅगी आपल्याकडे आली १९८३ ला.

आणि पैसे नूडल्सचे नसतातच हो, सूपचे असतात. रामेनमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या भांड्यात तयार असतात. एक सूप, ज्यात मीठ जवळजवळ नसतंच. दुसरी तारे, म्हणजे खारट घट्ट अर्क, सोयाचा, नुसत्या मिठाचा नाहीतर मिसोचा, तो बाऊलच्या तळाशी आधी घालतात. तिसरं वासाचं तेल, लसणाचं, कांद्याच्या पातीचं, चिकनच्या चरबीचं, दुकान असेल तसं. ऑर्डर आली की तारे, तेल, वरून उकळतं सूप, मग नूडल्स झटकून आत आणि वर सजावट. हे सगळं मिनिटाभरात होतं पण त्याच्या मागे आदल्या दिवसापासूनची राबणूक असते, गॅस किती जळतो विचार करा.

पांढरं सूप मुद्दाम जोरात उकळायचं असतं हे आपल्याला विचित्र वाटतं, आपण स्टॉक म्हटलं की मंद आच म्हणतो. पण मंद आचेवर पारदर्शक सूप होतं, आणि खळखळ उकळलं की हाडातलं जिलेटिन आणि चरबी पाण्यात फेटली जाऊन सूप दुधाळ होतं. डुकराच्या हाडांचं जे मूळ रामेन, ते क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावातलं, तिथे १९३७ च्या सुमाराला सुरुवात झाली, आणि दुधाळ सूप तर चुलीवर पातेलं विसरल्यामुळे झालं अशी तिकडे गोष्ट सांगतात.

रांगडा_गडी

आमच्या कोल्हापुरात या, पांढरा रस्सा प्या आणि मग सांगा ६५० कशाला देताय. मटणाच्या ताटाबरोबर वाटीवर वाटी फुकट मिळतो. शेवया टाकल्या की झालं तुमचं रामेन.

अर्धा_कप

@रांगडा_गडी पांढऱ्या रश्शाबद्दल वाकडा शब्द काढणार नाही, माझं आजोळ कागल 😀 पण तो पांढरा होतो नारळाच्या दुधाने आणि खसखस-काजूच्या वाटणाने, आळणी पाणी खाली असतं ते पातळच असतं. इथे वरून काहीच घालत नाहीत, हाडांनीच रंग येतो. प्यायला दोन्ही मस्त. पण पांढऱ्या रश्शात लवंग-दालचिनी बोलते आणि ह्यात खडा मसाला नाहीच, म्हणून आपल्या लोकांना पहिल्या घासाला "काहीतरी राहिलंय" वाटतं आणि मग तिखट मागतात.

रांगडा_गडी

कागल म्हणाल्यावर विषय संपला. येऊन जावा.

टोकियोत_तात्या

पोटोबांनी मुद्दा बरोब्बर पकडलाय. मी टोकियोतल्या निशिकासाईला राहतो (हो तेच, जिथे स्टेशनबाहेर मराठी ऐकू येतं) आणि इथे रामेन म्हणजे जिवाची मुंबई करायची गोष्टच नाही. ऑफिसातून उशिरा सुटलो की खायचं ते. दारात तिकिटाचं मशिन, पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट काउंटरवर ठेवायचं. दहा-बारा स्टुलं. समोर बाऊल आला की मान खाली, भुरके मारत खायचं, भुरका मारला की हवा आत जाते, नूडल्स निवतात आणि वासही चांगला येतो त्यामुळे आवाजाला कोणी नाक मुरडत नाही. आणि संपलं की उठायचं, मागे भिंतीला टेकून लोक उभे असतात. वन बाय टू चा तर प्रश्नच नाही, बऱ्याच दुकानात पाटीच असते की माणशी एक बाऊल घ्या.

किमतीचं म्हणाल तर इथे दुकानदार "हजार येनची भिंत" म्हणतात. साधा बाऊल हजारावर गेला की गिऱ्हाईक फिरकत नाही असा समज, आता पीठ, गॅस, मजुरी सगळंच महागल्यावर ती भिंत पण हलायला लागलीय, पण मनात अजून आहे. म्हणजे स्वस्त आणि पटकन, हे दोन्ही त्या पदार्थाच्या हाडात आहे. पुण्यात तो महाग आणि निवांत झाला की असं होणारच.

आता हाकाता नूडल्सचं. फुकुओकाला नागाहामा म्हणून मासळी बाजार आहे, तिथल्या कामकऱ्यांना उभ्या उभ्या खायची घाई, म्हणून नूडल्स इतक्या बारीक केल्या की पाण्यात टाकल्या की शिजल्या. पण जी गोष्ट पटकन शिजते ती पटकन मरते पण. त्यावर त्यांनी उपाय काढला, बाऊलमध्ये नूडल्स कमीच द्यायच्या आणि सूप उरलं की काएदामा मागायचा, नुसत्या ताज्या नूडल्स परत, थोड्या पैशात. शिवाय ऑर्डर देतानाच किती कडक हव्यात ते सांगता येतं. काता म्हणजे कडक, बारीकाता अजून कडक, हरिगाने म्हणजे जवळजवळ तार.

पोटोबा, तुमच्याकडे काएदामा होता का मेन्यूत? आणि मिसोमध्ये कुठल्या नूडल्स होत्या?

पोटोबा

@टोकियोत_तात्या काएदामा नव्हता. "एक्स्ट्रा नूडल्स १२०" असं होतं पण ते म्हणे बाऊलमध्ये आधीच जास्त टाकून देतात. म्हणजे अजूनच गिचका.

आणि मिसोमध्ये पण त्याच बारीक नूडल्स! सगळ्या बाऊलमध्ये एकच नूडल्स आहेत.

टोकियोत_तात्या

मग इथेच घोळ आहे बघा. मिसो रामेन साप्पोरोचं, उत्तरेकडचं होक्काइदो बेट, हिवाळाभर बर्फ. १९५० च्या दशकात तिथल्या आजी नो सानपेई नावाच्या दुकानात ते निघालं. त्यात नूडल्स जाड, पिवळ्या, नागमोडी, चांगल्या चिवट. वर चरबीचा तवंग, त्याने सूप लवकर निवत नाही. कधी मका आणि लोणी. तिथल्या नूडल्स घट्ट सूपमध्ये बराच वेळ तग धरतात. सहा जणांच्या टेबलला, गप्पा मारत खाणाऱ्या पब्लिकला द्यायचं तर साप्पोरो द्यायला पाहिजे होतं. ह्यांनी हाकाता निवडलं, बहुतेक इन्स्टावर पांढरं सूप चांगलं दिसतं म्हणून.

किंवा त्सुकेमेन ठेवा. त्यात नूडल्स गार पाण्यात धुवून वेगळ्या देतात आणि घट्ट सूप वेगळं, बुडवून खायचं. नूडल्स सूपात पडूनच राहत नाहीत तर फुगणार कशा.

कढीपत्ता

म्हणजे मी ६५० मोजणार, पाऊण तास फुटपाथवर उभा राहणार आणि वर मला सांगणार की आठ मिनिटात खा आणि गप्पा मारू नका. अहो बाहेर जेवायला जातो कशाला माणूस? घरी गप्पा मारायला टीव्ही मध्ये येतो म्हणून. हॉटेलने गिऱ्हाइकाप्रमाणे बदलायचं की गिऱ्हाइकाने हॉटेलप्रमाणे?

पुण्यात आहात तर लावा की पाटी. "बाऊल आल्यावर फोटो काढत बसू नये. नूडल्स फुगल्यास मालक जबाबदार नाहीत."

चाकणकर

पाटीचा फोटो मी काढणार, फ्रेम करून ऑफिसात लावणार.

आमच्या कंपनीत जपानी साहेब लोक आहेत, त्यातले दोघं ह्याच हॉटेलात जाऊन आले (वर्णनावरून तेच असणार). त्यांना विचारलं कसं होतं, तर एक म्हणाले कारागे (जपानी तळलेलं चिकन) फार छान होतं. म्हणलं आणि रामेन? तर परत म्हणाले कारागे फार छान होतं. ज्यांनी जपानी माणसाबरोबर काम केलंय त्यांना कळलं असेल.

टोकियोत_तात्या

😂😂 कळलं.

सौ_साजूक

माझा एक वेगळाच प्रश्न. आमच्याकडे सगळे शाकाहारी, लेकीला ते कोरियन-जपानी बघून बघून खायचंय. व्हेज मिसो खरंच व्हेज असतं का? मिसो म्हणजे नक्की काय? आणि सासूबाई बरोबर असतील, त्यांना चॉपस्टिक जमणार नाही.

अर्धा_कप

@सौ_साजूक मिसो म्हणजे सोयाबीन, मीठ आणि कोजी नावाची बुरशी लावलेला तांदूळ किंवा सातू मुरवून केलेली पेस्ट. ती स्वतः व्हेज. पण दोन ठिकाणी फसायला होतं. काही तयार मिसोमध्ये आधीच दाशी (जपानी पातळ स्टॉक) मिसळलेली असते आणि दाशीत बहुधा कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचे कात्रण असतात. दुसरं म्हणजे मिसो व्हेज पण खालचं सूप तेच चिकनचं. तेव्हा "व्हेज आहे का" असं न विचारता "सूप कशाचं आहे आणि दाशी कशाची आहे" असं विचारा.

शाकाहारी सूप नीट करता येतं, ते काही दुय्यम नसतं. कोंबू म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम. दोन्ही गार पाण्यात रात्रभर भिजवायचे. कोंबू खळखळ उकळायचा नाही, बुळबुळीत होतं आणि वास येतो. ह्या दोघांची चव एकमेकांना उचलून धरते, दोन्ही एकत्र आले की बेरीज नाही, गुणाकार होतो. कोंबूमधूनच तर १९०८ साली किकुनाए इकेदांनी ग्लुटामेट वेगळं काढलं, जे आपल्याकडे चायनीजच्या गाडीवर अजिनो म्हणून पडतं.

चॉपस्टिकचं टेन्शन नको, काटा मागा.

पोटोबा

@सौ_साजूक मी विचारलं होतं. सूप शिताके-कोंबूचं आहे, पातेलं वेगळं आहे आणि दाशी पावडर वापरत नाही म्हणाले. बायकोच्या मते थोडं पातळ होतं पण चव छान. वरचं अंडं नको म्हणून आधी सांगायला लागतं, व्हेजमध्ये पण विचारत होते अंडं घालू का.

टोकियोत_तात्या

शाकाहारी मंडळी टोकियोला आली की मी त्यांना टोकियो स्टेशनात तिकीट गेटच्या आत टीज तानतान आहे तिथे नेतो. पूर्ण व्हीगन, तिळाचं घट्ट वाटण आणि तिखट. तानतानमेन मुळात चीनच्या सिचुआनमधून आलेलं, जपानमध्ये येऊन त्याचं सूप झालं. पुण्यातल्या हॉटेलवाल्यांनी व्हेजला हेच करावं, तीळ-शेंगदाणा-तिखट, आपल्या जिभेला "काहीतरी राहिलंय" वाटणारच नाही, आणि सोया दूध घातलं की अंगही येतं.

मडगावकर

आमच्या गोंयात पोर्क मिळता तरी लोक म्हणतात चिकन द्या, पुण्याचं काय घेऊन बसलात. पण हाकाता म्हणजे डुकराच्या हाडांचं सूप, पोर्कशिवाय हाकाता मला तरी पटत नाही. चिकनचं पांढरं सूप वेगळा प्रकार म्हणून चांगलाच असतो, मग त्याला हाकाता म्हणू नका एवढंच.

जोशीबाई_बावधन

मी घरी मागवलं होतं, वाईट नव्हतं हो. सूप वेगळ्या डब्यात, नूडल्स वेगळ्या, अंडं वेगळं. नूडल्सचा गोळा झाला होता. ते सूपमध्ये तसंच टाकलं तर गुठळी राहते. मी पातेल्यात पाणी उकळून त्यात नूडल्स दहा-पंधरा सेकंद सोडल्या, चाळणीत निथळल्या, सूप खळखळ उकळलं आणि मग एकत्र केलं. हॉटेलात खाल्लेल्यापेक्षा चांगलं लागलं असं नवरा म्हणाला. तो हॉटेलात गेलेलाच नाही ती गोष्ट वेगळी.

रांगडा_गडी

मग घरीच नूडल्स करायला काय होतंय? मैदा, पाणी, मीठ. सोऱ्या हायच.

अर्धा_कप

मीठ-पाण्याने रामेनच्या नूडल्स होत नाहीत, साध्या होतात. फरक कान्सुईचा. ते अल्कली पाणी असतं, सोडियम कार्बोनेट आणि पोटॅशियम कार्बोनेट. त्याने ग्लुटेन घट्ट होतं, नूडल्स चिवट होतात आणि सूपात लवकर विरघळत नाहीत. तो पिवळा रंगही अंड्याचा नसतो, मैद्यातलीच द्रव्यं अल्कलीत पिवळी पडतात. इन्स्टंटच्या बऱ्याच पाकिटांमागे ५००(आय), ५०१(आय) असे आकडे दिसतील, ते हेच.

आपल्या घरात पापडखार असतो तोही अल्कलीच, पापड लाटताना पीठ ताणलं जातं ते बघितलंच असेल. पण त्यात नक्की काय किती ते पुडीगणिक बदलतं म्हणून मी खायचा सोडा वापरते. ट्रेवर पसरून ओव्हनमध्ये साधारण १३० ते १५० डिग्रीला तासभर ठेवला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचा सोडियम कार्बोनेट होतो. वजन चांगलं एक तृतीयांशाने कमी होतं, त्यावरून कळतं झालं का. ह्याला हात लावू नका, चमच्याने घ्या, कातडीला चुरचुरतं. मैद्याच्या एक ते दीड टक्का एवढाच, पाण्यात आधी पूर्ण विरघळवून. पाणी मैद्याच्या ३५ ते ४० टक्के, म्हणजे पीठ मळलंच जात नाही असं वाटेल, नुसता भुगा. तो झाकून ठेवायचा, मग दाबून दाबून एकत्र करायचा. पास्ता मशिन असेल तर ठीक. सोऱ्यातून मी प्रयत्न केला, सोऱ्या जिंकला.

रांगडा_गडी

सोऱ्या पितळी घ्या. माणूस कोल्हापूरचा घ्या.

कढीपत्ता

गेलो शेवटी. काल दुपारी, एकटाच, ऑफिसातून सटकून. बारा वाजता उघडतं, आत मी आणि दोन कॉलेजची पोरं. वेटरला म्हणलं नूडल्स कडक ठेव, आतून शेफच बाहेर आला, पोरगा ईशान्येकडचा आहे, चांगलं मराठी बोलतो, म्हणाला सर तुम्ही पहिले आहात कडक मागणारे. म्हणलं टोकियोत आमचे तात्या आहेत. त्याला जाड नूडल्सचं पण विचारलं. म्हणाला दोन प्रकारच्या ठेवायला त्याचीही तयारी आहे, पण मालक म्हणतो आधी एक तर खपू दे. डिलिव्हरी बंद करा असंही तोच सांगतोय, मालक ऐकत नाही.

सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. ६५० अजूनही जास्तच आहेत. अंडं मात्र असं घरी जमायला पाहिजे, @अर्धा_कप कृती टाका.

अर्धा_कप

कढीपत्तांनी कृती मागितली, धाग्याचं सार्थक झालं 😀 अंडी फ्रीजमधली, उकळत्या पाण्यात अलगद सोडून साडेसहा ते सात मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. सोलून सोया, पाणी, थोडी साखर (मिरीन म्हणजे स्वयंपाकातली गोडसर तांदळाची वाइन असेल तर ती) ह्यात रात्रभर फ्रीजमध्ये. पाणी सोयापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर नुसतं खारट होतं. वरून टिश्यू पेपर अंथरला की सगळीकडून सारखा रंग येतो.

पोटोबा

रविवारी कोण कोण येतंय? साडेबारा, सगळ्यांनी नूडल्स कडक सांगायच्या. दहा जणांनी एका दुपारी मागितल्या तर मालकाच्या कानावर जाईल.

सौ_साजूक

आम्ही चौघं. लेक म्हणतेय माझा बाऊल मला एकटीला हवा. गाडी कुठे लावायची तेवढं सांगा कोणीतरी.

कढीपत्ता

गाडी घरीच लावा आणि रिक्षाने या. मी येतोय, पण माझ्या बाऊलमधलं कोणाला देणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.